आकृतीतून काय घ्यायचं आणि काय नाही: परीक्षेतल्या भूमिती प्रश्नांसाठी टप्प्याटप्प्याने पद्धत

भूमितीचा प्रश्न चुकला की 'सर, प्रमेय आठवलं नाही' हे उत्तर ठरलेलं. कच्चं काम मागवून पाहिलं तर प्रमेय बहुधा बरोबर असतं, फक्त ते तिथं लावायची परवानगी कुणी दिलेली नसते. पायथागोरस लावलाय, पण काटकोन दिलेलाच नाही. संगत कोन समान धरलेत, पण रेषा समांतर असल्याचं प्रश्नात कुठंही लिहिलेलं नाही. 'हाऊ काटकोनच शे ना, सर?' असं कुणी विचारलं, की 'कुठं लिहिलंय?' एवढंच उलट विचारायचं. पोरं प्रश्न पुन्हा वाचतात आणि चूक त्यांची त्यांनाच सापडते.

सगळी पद्धत एका वाक्यात मावते: आकृतीतून जागा घ्यायची, माप घ्यायचं नाही. कोण कुणाच्या मध्ये, कोण आत, कोण बाहेर, रेषा कुठं छेदतात, ही झाली जागा. लांबी, अंश, समान, समांतर, लंब, हे झालं माप. माप फक्त प्रश्नातल्या शब्दांतून, आकृतीवरच्या खुणांतून किंवा सिद्ध करून मिळतं. याला अपवाद आहेत, पण ते परीक्षेची सूचना ठरवते, तुमचा डोळा नाही.

जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूरकडून इंजिनिअरिंग करून जीआरई (परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) देणारे, सॅट (अमेरिकेतल्या पदवी प्रवेशाची परीक्षा) देणारे अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि शाळेतली शिष्यवृत्ती परीक्षा किंवा आठवीतली एनएमएमएस (केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा) देणारी मुलं, सगळ्यांना टप्पे हेच. सूचना मात्र प्रत्येक परीक्षेची वेगळी, म्हणून सुरुवात तिथून.

## तयारी: अभ्यासाला बसण्याआधी

कोरे कागद घ्या, रेघांची वही नको. वहीच्या आडव्या ओळींवर रेषा काढली की ती आपोआप शेजारच्या रेषेला समांतर होते, आणि दोन मिनिटांनी ती समांतरता दिलेली होती की वहीने दिली, हे आठवत नाही. पेन्सिल हवी. पट्टी आणि कोनमापक दप्तरातच राहू द्या.

सराव छापील आकृतीवर खुणा करून करू नका. जीआरई आणि सॅट दोन्ही आता संगणकावर होतात. आकृती पडद्यावर असते आणि काम कागदावर करायचं असतं. आकृती उतरवून घेणं हा परीक्षेचाच भाग आहे, तेव्हा सरावातही उतरवूनच घ्या.

झेरॉक्सपासून सावध राहा. आपल्याकडे प्रश्नसंच हातोहात फिरतात, झेरॉक्सची झेरॉक्स निघते, नाहीतर कुणीतरी तिरका फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं. वर्तुळ लंबगोल होतं, चौरस कलतो. त्याहून वाईट म्हणजे पहिल्या पानावरची सूचना आणि आकृतीखालची 'आकृती प्रमाणात नाही' ही बारीक ओळ कापली जाते. मग मूल सूचनेशिवाय सराव करतं आणि आकृती डोळ्याने वाचायची सवय पक्की होते. अधिकृत सराव परीक्षा फुकट मिळतात, निदान भूमितीसाठी तरी त्याच वापरा.

## टप्पा १: आपल्या परीक्षेची सूचना पाठ करा

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त गुण इथंच जातात.

जीआरई. भूमितीच्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असं नाही, हे सूचनेत स्पष्ट असतं. लांबी आणि कोन दिसतात तसे धरायचे नाहीत. पण सरळ दिसणारी रेषा सरळच धरायची, रेषेवरचे बिंदू दाखवलेल्या क्रमानेच आहेत असं धरायचं, आणि एकंदर कोण कुठं आहे ते आकृतीप्रमाणेच मानायचं. आकृत्या एका प्रतलात असतात, वेगळं सांगितलं तरच नाही. आता अपवाद: निर्देशक पद्धतीतल्या आकृत्या म्हणजे क्ष-अक्ष आणि य-अक्ष असलेले आलेख, तसंच स्तंभालेख, वृत्तालेख, रेषालेख हे प्रमाणात असतात. तिथं डोळ्याने अंदाज घ्यायला, तुलना करायला परवानगी आहे.

सॅट. इथं उलट. वेगळं सांगितलं नसेल तर आकृती प्रमाणात आहे असं धरायचं. मात्र भूमितीच्या अनेक प्रश्नांत आकृतीजवळच 'आकृती प्रमाणात नाही' अशी टीप असते. टीप दिसली की त्या प्रश्नापुरता जीआरईचा नियम. म्हणजे सॅटमध्ये परीक्षेचा नियम पाठ असून भागत नाही, प्रत्येक आकृतीजवळ टीप शोधावी लागते.

एसीटी (सॅटसारखीच पदवी प्रवेशाची परीक्षा). गणिताच्या सूचनेतच आकृत्या प्रमाणात असतीलच असं नाही, असं म्हटलेलं असतं. जीआरईसारखंच वागा.

जीमॅट (एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशाची परीक्षा). नोव्हेंबर २०२३ पासूनच्या नव्या स्वरूपात भूमिती नाही. जुनी पुस्तकं विकत घेऊन त्यातली भूमिती घोकणारे अजून भेटतात.

दहावी बोर्ड. गणित भाग २, ४० गुण. सिद्धतेत आकृतीवरून काहीच गृहीत धरायचं नाही, प्रत्येक विधानापुढे कंसात कारण लिहायचं. रचनेच्या प्रश्नात मात्र माप अचूक घ्यायचं असतं, तेवढ्यापुरती पट्टी-कंपास बाहेर. गंमत अशी की दहावीत '(पक्ष)', '(संगत कोन)' असं इमानदारीने लिहिणारी मुलं पर्यायी प्रश्न समोर आला की कारण मागणंच सोडून देतात.

नवोदय, शिष्यवृत्ती, एनएमएमएस. इथं दोन प्रकारचे प्रश्न एकाच परीक्षेत येतात, त्याबद्दल पुढे वेगळा इशारा आहे.

> तपासणी: सूचना झाकून ठेवा आणि दोन प्रश्नांची उत्तरं द्या. माझ्या परीक्षेत भूमितीची आकृती प्रमाणात धरायची का? आलेख प्रमाणात धरायचा का? एकाचंही उत्तर अडखळलं तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: आधी वाक्य, मग आकृती

आकृती मोठी आणि ठळक असते, डोळा आधी तिथंच जातो. एकदा 'हा समद्विभुज त्रिकोण' असं डोक्यात बसलं की नंतर वाचलेलं वाक्यसुद्धा त्याच चष्म्यातून वाचलं जातं. म्हणून आकृतीवर हात ठेवा, अगदी खरोखर ठेवा, आणि प्रश्नाचं वाक्य वाचा.

वाचताना तीनच गोष्टी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात उतरवा. काय दिलंय, काय विचारलंय, आणि आकाराला प्रश्नाने काय नाव दिलंय. नाव फार महत्त्वाचं. 'चौकोन' म्हटलंय की 'आयत'? 'त्रिकोण' की 'समभुज त्रिकोण'? 'रेषा वर्तुळाला छेदते' की 'स्पर्शिका आहे'? प्रश्न काढणाऱ्याने 'चौकोन' हा शब्द निवडला असेल आणि चित्र आयतासारखं असेल, तर ते मुद्दाम असण्याचीच शक्यता जास्त.

मग हात काढा आणि आकृतीवरच्या खुणा पाहा. काटकोनाचा छोटा चौरस, समान बाजूंवरच्या आडव्या रेघा, समांतर रेषांवरचे बाण, कोनात लिहिलेले अंश. या खुणा म्हणजे लिहिलेलंच वाक्य, त्या बिनधास्त घ्या. खूण नाही म्हणजे माहिती नाही.

## टप्पा ३: आकृतीतून जागा उचला

शेताच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेला अमक्याचा गट, पश्चिमेला नाला, दक्षिणेला रस्ता. त्यावरून शेजारी कोण ते पक्कं कळतं. बांध किती लांब आहे ते मोजणी केल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तर कुणी ऐकत नाही. परीक्षेतली आकृती ही चतुःसीमा आहे, मोजणीचा नकाशा नाही.

तेव्हा या गोष्टी आकृतीतून निःशंक घ्या:

- सरळ दिसणारी रेषा सरळ आहे. त्यामुळे रेषीय जोडीतल्या कोनांची बेरीज १८०° धरता येते.
- दोन रेषा छेदताना दिसतात म्हणजे छेदतात. विरुद्ध कोन समान.
- बिंदू ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने आहेत.
- तीन सरळ बाजूंची बंद आकृती त्रिकोण आहे, कोनांची बेरीज १८०°. चार बाजूंची असेल तर ३६०°.
- बिंदू वर्तुळावर दाखवलाय तर तो वर्तुळावरच आहे. चारही शिरोबिंदू वर्तुळावर असतील तर चौकोन चक्रीय, आणि समोरासमोरच्या कोनांची बेरीज १८०°.

ही यादी छोटी वाटते, पण यातून बरंच निघतं. एका रेषेवर अ, ब, क, ड या क्रमाने बिंदू आहेत. अड = २०, अक = १३, बड = १२. बक किती? अक आणि बड मिळवले तर मधला बक दोनदा मोजला जातो, म्हणून १३ + १२ − २० = ५. इथं क्रम आकृतीने दिला आणि मापं वाक्याने दिली, दोघांनी आपापलं काम केलं.

हाच प्रश्न आकृतीशिवाय आला तर? 'अ, ब, क एका रेषेवर आहेत, अब = ८, बक = ३, अक किती?' बहुतेक जण ११ लिहून मोकळे होतात. क मागच्या बाजूला असेल तर ५ पण येतं. आकृती नसेल तर जागासुद्धा गृहीत धरायची नाही, जेवढ्या मांडण्या शक्य आहेत तेवढ्या काढून पाहायच्या. रेल्वे आणि इतर भरतीच्या प्रश्नपत्रिकांत भूमिती पुष्कळदा नुसत्या शब्दांत येते, तिथं हे हटकून लागतं.

> इशारा: जागेतून कधीकधी मापही हाती येतं, ते सोडू नका. 'म हा वर्तुळकेंद्र' असं वाक्यात दिलंय आणि आकृतीत म हा जीवा अब वर दाखवलाय, तर अब हा व्यास झाला आणि वर्तुळावरच्या तिसऱ्या बिंदू क पाशी ∠अकब = ९०°. पण वर्तुळाच्या मधोमध नुसता ठिपका असेल आणि तो केंद्र असल्याचं कुणी म्हटलं नसेल, तर अब केवळ एक जीवा आहे.

## टप्पा ४: माप नाकारा

खालच्या जागी सगळ्यात जास्त घसरगुंडी होते. प्रत्येक ठिकाणी स्वतःला 'कुठं लिहिलंय?' असं विचारा.

शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूवर काढलेला रेख. हा रेख दिसला की कुणी त्याला शिरोलंब म्हणतं, कुणी मध्यगा, कुणी कोनदुभाजक. प्रश्न म्हणतो फक्त 'ड हा बाजू बक वरचा बिंदू'. बस, तेवढंच आहे.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू, कागद घ्या. त्रिकोण अबक, अ वर, बक खाली आडवी, ड बक च्या साधारण मधोमध, अड उभी जोडलेली. दिलंय: ∠ब = ५०°, ∠बअड = ३५°, अड = अक. विचारलंय: ∠डअक किती? पर्याय १०°, ३५°, ४०°, ४५°.

आकृती डावी-उजवी सारखी दिसते, म्हणून ३५° वर खूण करणारे बरेच निघतात. काही जण अड हा लंब धरतात. त्यांनी जरा थांबून त्रिकोण अबड च्या कोनांची बेरीज केली असती तर ५० + ३५ + ९० = १७५ आली असती आणि लंबाचा विषय तिथंच मिटला असता.

बरोबर वाट अशी. त्रिकोण अबड मध्ये ∠अडब = १८० − ५० − ३५ = ९५°. ब-ड-क सरळ आहे (ही जागा, आकृतीतून घेतली), म्हणून ∠अडक = ८५°. अड = अक (हे वाक्यातून), म्हणून ∠क = ८५°. उरला ∠डअक = १८० − ८५ − ८५ = १०°. मोठ्या त्रिकोणात पडताळा: ४५ + ५० + ८५ = १८०. चित्रात तो कोन ऐसपैस दिसतो आणि उत्तर १० येतं, हे पाहून घाबरायचं नाही. आकृती प्रमाणात नाही याचा अर्थच तो.

समांतर दिसणाऱ्या रेषा. बाण नाही, शब्द नाही, तर छेदिकेवरचे संगत आणि व्युत्क्रम कोन समान धरायचे नाहीत. फक्त विरुद्ध कोन आणि रेषीय जोडी वापरा. समजा छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन ७०° आणि ११२° दिलेत. बेरीज १८२. रेषा समांतर नाहीत; दुसऱ्या बाजूला ११० + ६८ = १७८, म्हणजे त्या बाजूला पुढे कुठंतरी त्या भेटणारच. कागदावर हा दोन अंशांचा फरक कुणाच्याही डोळ्याला दिसणार नाही. उलट ७०° आणि ११०° दिले असते, तर शब्द नसतानाही रेषा समांतर असल्याचं तुम्ही सिद्ध केलं असतं, आणि मग पुढचं सगळं वापरायला मोकळे.

आयत आणि चौरस. चौकोन आयत ठरवायला तीन काटकोन पुरतात. समोरासमोरच्या बाजू समान एवढंच दिलं तर तो समांतरभुज चौकोन, आयत असेलच असं नाही. कर्ण समान एवढंच दिलं तर काहीच ठरत नाही, कारण समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण समान असतात. चारही बाजू समान म्हणजे समभुज चौकोन, चौरस असेलच असं नाही.

स्पर्शिका. वर्तुळाला टेकलेली दिसते म्हणून स्पर्शिका धरू नका. 'स्पर्शिका' हा शब्द असेल तरच त्रिज्येशी ९०°.

घन आणि इष्टिकाचिती. कागदावर काढलेल्या घनाच्या बाजूच्या पृष्ठांचे कोन तिरपे दिसतात, प्रत्यक्षात सगळे काटकोन आहेत. इथं चूक उलटी होते, आकृतीवर जास्त विश्वास ठेवल्याने काटकोन सुटतो. 'घन' हा शब्द वाचा आणि चित्र विसरा.

> तपासणी: तुम्ही वापरलेल्या प्रत्येक 'समान', 'समांतर', 'लंब' या शब्दावर बोट ठेवा. वाक्यात, खुणेत किंवा तुमच्या सिद्धतेत तो सापडला पाहिजे. सापडला नाही तर त्या ओळीपासून पुढचं सगळं खोडा.

## टप्पा ५: आकृती उतरवताना वाकडी काढा

बहुतेक माणसांचा हात प्रत्येक त्रिकोण समद्विभुज काढतो, प्रत्येक चौकोन आयत काढतो आणि दोन्ही आडव्या पायावर बसवतो. म्हणजे परीक्षकाने फसवलं नाही तरी आपणच आपल्याला फसवतो. म्हणून काही दिलेलं नसेल तेव्हा त्रिकोण साधारण ४५°, ६०°, ७५° असा काढा. यात कुठलाही कोन दुसऱ्यासारखा दिसत नाही आणि काटकोनासारखाही दिसत नाही. चौकोन काढाल तर चारही बाजू वेगवेगळ्या.

खुणांची एक शिस्त ठेवा. दिलेलं माप तसंच लिहा. स्वतः काढलेलं माप गोलात लिहा. नुसता अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह, आणि प्रश्नचिन्ह असलेला आकडा गणितात वापरायचा नाही. परीक्षेच्या घाईत दिलेलं कोणतं आणि आपण घुसवलेलं कोणतं हे एका नजरेत कळतं.

मापं दिलेली असतील आणि छापील आकृती त्यांच्याशी फारच विसंगत असेल, म्हणजे १२०° लिहिलाय पण लघुकोन काढलाय, तर दिलेल्या मापाप्रमाणे नवी आकृती काढा. छापील चित्राशी झगडत बसू नका.

## टप्पा ६: आकृती मोडून पाहा

जीआरईच्या तुलनेच्या प्रश्नांत दोन राशी देतात आणि चार ठरलेले पर्याय असतात. पहिली मोठी, दुसरी मोठी, दोन्ही समान, किंवा दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही. या चौथ्या पर्यायाच्या जवळपासच सगळे सापळे असतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

पद्धत अशी. दिलेली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी ठेवा. न दिलेली प्रत्येक गोष्ट जमेल तितकी ताणा. उत्तर बदललं तर चौथा पर्याय.

उदाहरण. त्रिकोण पफम, पफ = ५, फम = ८. पहिली राशी: त्रिकोणाचं क्षेत्रफळ. दुसरी राशी: २०. आकृतीत फ पाशी अगदी स्वच्छ काटकोन दिसतो, पण चौरसाची खूण नाही.

काटकोन धरला तर अर्धा × ५ × ८ = २०, दोन्ही समान, तिसरा पर्याय. झालं? नाही. आता फम जमिनीवर घट्ट ठेवा आणि पफ हा ५ लांबीचा दांडा फ पाशी बिजागरीसारखा फिरवा. दांडा कलला की प ची उंची कमी होते. जवळजवळ आडवा झाला की क्षेत्रफळ शून्याच्या जवळ जातं. दिलेल्या दोन्ही बाजूंची लांबी बदलली नाही, सगळं दिलेलं शाबूत आहे, क्षेत्रफळ मात्र २० वरून घसरलं. काटकोन असेल तर समान, नसेल तर कमी. म्हणून चौथा पर्याय.

यात आणखी एक ओळ घाला: '∠फ हा ९०° पेक्षा मोठा'. आता काटकोनाची शक्यताच गेली, क्षेत्रफळ प्रत्येक वेळी २० पेक्षा कमी, उत्तर 'दुसरी मोठी'. कोन नेमका किती ते माहीत नसतानाही. तेव्हा 'माप माहीत नाही म्हणजे ठरवता येत नाही' ही दुसऱ्या टोकाची चूकही करू नका. ताणून पाहिल्यावर उत्तर बदललं तरच ठरवता येत नाही.

चारही बाजू ६ असलेल्या चौकोनाचं क्षेत्रफळ आणि ३६ यांची तुलना अशीच स्वतः करून पाहा. चौकोन दाबत दाबत पार चपटा करा.

> इशारा: मोडताना जागा बदलू नका. ड हा ब आणि क च्या मध्ये दाखवलाय तर ताणतानाही तो मध्येच राहिला पाहिजे. बिंदू बाहेर नेला तर तो तुमचा नवा प्रश्न झाला, परीक्षेतला नाही.

## टप्पा ७: परवानगी असेल तिथं डोळा वापरा

काही मुलं वरचं सगळं इतकं मनावर घेतात की सॅटमधल्या प्रमाणात असलेल्या आकृतीकडेही पाहत नाहीत. तेही नुकसानच. आकृती प्रमाणात असेल आणि 'प्रमाणात नाही' अशी टीप नसेल, तर विचारलेला कोन विशाल दिसतोय का ते पाहा. पर्याय ३८°, ६४°, ११६°, १४२° असतील तर पहिले दोन लगेच गेले. उरलेल्या दोनांत गणिताने निवडा. लांब आणि आखूड यांची तुलना करायला कच्च्या कागदाची कड पडद्याजवळ धरून पाहिली तरी चालते.

पण प्रमाणात असलेली आकृतीसुद्धा ८८° आणि ९०° यांतला फरक सांगत नाही. डोळा पर्याय खोडायला वापरा, पायथागोरस लावायची परवानगी म्हणून वापरू नका.

निर्देशक आलेखात तर डोळा वापरलाच पाहिजे. रेषा चढती की उतरती, अक्षाला शून्याच्या वर छेदते की खाली, बिंदू कुठल्या चरणात, हे पाहून चढाचं चिन्ह आणि अर्धे पर्याय गणिताआधीच निकाली निघतात. मात्र दोन्ही अक्षांवरचं प्रमाण आधी बघा. आडव्या अक्षावर एक घर म्हणजे १ आणि उभ्यावर एक घर म्हणजे १० असेल, तर ४५° दिसणाऱ्या रेषेचा चढ १ नसतो, १० असतो.

> इशारा, लहान वर्गांसाठी: नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेतले मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न पूर्ण आकृत्यांवर असतात: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती. शिष्यवृत्तीची बुद्धिमत्ता चाचणी आणि एनएमएमएसमधली मानसिक क्षमता यांतही असे प्रश्न येतात. तिथं चित्र हीच माहिती आहे, जसं दिसतं तसंच घ्यायचं. 'कुठं लिहिलंय?' हा प्रश्न तिथं विचारायचा नाही. घरी शिकवणाऱ्या पालकांनी हे दोन प्रकार एकाच बैठकीत मिसळू नयेत, दहा वर्षांच्या पोराचा गोंधळ होतो.

## पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका

कर्ण किंवा मधली रेषा स्वतः काढायची आणि पुढे तिला लंब समजायचं. तुम्ही दोन बिंदू जोडलेत, एवढंच केलंत. लंब टाकायचा असेल तर 'लंब टाकला' असं लिहून टाका, मग तो लंब आहे, पण तो बाजूचा मध्य गाठेलच असं नाही. एका रचनेत दोन गुणधर्म एकदम मागता येत नाहीत.

उत्तर पूर्णांक आलं नाही म्हणून काटकोन घुसवायचा. बाजू ५ आणि १२ दिसल्या की तिसरी १३ लिहायची घाई फार. काटकोन नसेल तर तिसरी बाजू ७ आणि १७ यांच्या दरम्यान कुठलीही असू शकते.

आधीच्या प्रश्नाची माहिती पुढच्या प्रश्नात नेणे. एका आकृतीवर दोन-तीन प्रश्न असतात तेव्हा 'जर अब = अक असेल तर' ही अट त्या एकाच प्रश्नापुरती असते. पुढच्या प्रश्नाला आकृती नव्याने उतरवा.

आणि क्लासमध्ये सगळ्यांनी एकच पर्याय सांगितला म्हणून कारण न विचारता तो स्वीकारणे. एकाच फसव्या चित्राकडे पाहून चाळीस जण एकच चूक सहज करतात.

## सराव आणि परीक्षेतला वेळ

आधी सोडवलेले प्रश्न पुन्हा हातात घ्या, पण उत्तर काढू नका. प्रत्येक प्रश्नासाठी फक्त दोन रकाने भरा: 'आकृतीतून घेतलं' आणि 'वाक्यातून घेतलं'. पहिल्या रकान्यात एखादं माप दिसलं तर तिथं लाल गोल. आठवडाभर हे केलं की तुमची नेहमीची घसरण कुठली ते कळतं. कुणाची समांतर रेषांवर होते, कुणाची वर्तुळाच्या केंद्रावर. मग तेवढ्याच प्रकारचे प्रश्न जास्त करा.

जीआरईमध्ये गणिताचे २७ प्रश्न ४७ मिनिटांत, सॅटमध्ये ४४ प्रश्न ७० मिनिटांत. दोन्हीकडे एका प्रश्नाला दीड-पावणेदोन मिनिटं. आकृती उतरवायला त्यातला थोडा वेळ जातोच, तो वाचवू नका. वाचवायचा असेल तर दुसऱ्यांदा तपासण्यातला वाचवा, कारण नीट उतरवलेल्या आकृतीवर सोडवलेला प्रश्न पुन्हा तपासावा लागत नाही.

दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा जागा रिकामी सोडू नका. सॅटची आकृती प्रमाणात असेल तर डोळ्याला सगळ्यात पटणारा पर्याय निवडा. जीआरईच्या तुलनेच्या प्रश्नात अडकलात आणि 'समान' म्हणायला चित्राशिवाय एकही कारण सापडत नसेल, तर चौथ्या पर्यायावर खूण करून पुढच्या प्रश्नाकडे वळा.